सूचना, अनुमोदन आणि कंपनीची बस

आमच्या घरात दोन मिनिटं मोजायला घड्याळ लागत नसे. आईचा एक छोटा कुकर होता. पहिली शिट्टी द्यायला तो लाजायचा, पण एकदा तोंड उघडलं की पुढची शिट्टी दोन मिनिटांच्या आगेमागे ठरलेली. म्हणून मी नियमच केला होता, की पहिली शिट्टी झाली की भाषण सुरू आणि दुसरी झाली की गप्प. लोणंदच्या कांदा मार्केटच्या मागच्या आळीत आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. पडवीच्या एका अंगाला रिकाम्या बारदानांची थप्पी, दुसऱ्या अंगाला सतरंजी, आणि सतरंजीवर इंग्रजी बोलायला शिकणारे माझे विद्यार्थी, त्यांतले बहुतेक माझ्यापेक्षा वयाने मोठे. सकाळी लिलावाची आरोळी, दुपारी ट्रकांचे हॉर्न, संध्याकाळी रेल्वेची शिट्टी आणि तिच्या जोडीला आमच्या कुकरची. एखादा नवखा विद्यार्थी रेल्वेच्या शिट्टीवरच उठून "गुड इव्हिनिंग" म्हणायला लागायचा, मग आतून आई सांगायची, "आवं, ती आपली न्हवं. बसा जरा, डाळ अजून गार हाय."

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडलेली मी पहिलीच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला पुढे ढकलणारे हात किती होते ते आठवतं, म्हणून सांगते. पहिला हात आबांचा, माझ्या वडिलांचा. आबा मार्केटमध्ये तोलारी होते. शेतकऱ्यांच्या कांद्याची पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. शिक्षण चौथीपर्यंत. पण गावात त्यांची ख्याती निराळीच होती. शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीची सभा असो, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ असो, शेवटचं आभारप्रदर्शन आबांकडे. अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत आणि मंडपवाल्यापासून पाण्याचे जार आणून देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं ते एका दमात घ्यायचे. इतर ठिकाणी आभार सुरू झाले की लोक चपला शोधतात. आमच्याकडे लोक थांबायचे, कारण आपलं नाव येतंय का हे प्रत्येकाला बघायचं असायचं. मला कॉलेजात घालताना भावकीतल्या कुणीतरी आबांना विचारलं, पोरीला एवढं शिकवून काय करणार. आबा म्हणाले, "आमच्या घरात बोलनारा मी एकलाच हाय. मला जोडीदार पायजे."

दुसरा हात आमच्या सरांचा. बाजारपेठेत खताच्या दुकानावरच्या खोलीत ते इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवायचे. मला कामावर घेताना त्यांनी कारण दिलं की, पट्टीचं इंग्रजी बोलणाऱ्याला समोरचा कुठे अडखळतो ते कळत नाही. तू कालपरवापर्यंत अडखळत होतीस, तुला कळेल. ही स्तुती होती की काय होतं हे मला अजून कळलेलं नाही, पण नोकरी मिळाली. संध्याकाळी ती खोली शिवणक्लासला दिलेली असायची, म्हणून सराव आमच्या पडवीत.

परीक्षा सांगलीला व्हायची. तिची रीत अशी, की दोघांनी जोडीने आत जायचं. एकाने आपल्या आवडीच्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं. याला प्रेझेंटेशन म्हणायचं. ते झालं की जोडीदाराने त्यावर प्रश्न विचारायचे आणि बोलणाऱ्याने उत्तरं द्यायची. मग अदलाबदल. परीक्षक नुसता ऐकणार. जोडीदाराने प्रश्न विचारलाच नाही, तर उत्तरांचे गुण बुडाले, आणि ते बुडाले की माणूस नापास. सरांनी हे मला नीट समजावून सांगितलं होतं आणि मी विद्यार्थ्यांना समजावून सांगायची. सगळ्यांना ते समजायचं. समजूनही कुणी तसं वागायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी शिरवळच्या एका कारखान्याने आपली माणसं आमच्याकडे पाठवली. कारखाना बघायला परदेशी गिऱ्हाइकं यायची, त्यांना पॅकिंगची लाइन दाखवून चार शब्द बोलणारी माणसं हवी होती. जो ही परीक्षा पास होईल त्याला कायम करू, बाकीच्या कंत्राटी लोकांना मुदत संपली की घरी पाठवू, असं साहेबांनी सांगितलेलं. त्या लोकांत उषा होती. माण तालुक्यातल्या धनगर घरातली, बारावी झालेली, लोणंदला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिचे वडील आणि भाऊ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन नीरेच्या खोऱ्यात उतरायचे आणि पाऊस लागला की माघारी फिरायचे. लहानपणी तीही त्यांच्यामागून चालली होती. एकदा मी तिला विचारलं, कायम होण्याची एवढी घाई का गं. ती म्हणाली, "मॅडम, मेंढरांचा मला राग न्हाई. पण ती जातील तिकडं आपन जायचं. मी रंगाच्या डब्यात कढीपत्ता लावलाय. त्याला फांद्या फुटल्यात. मला एका जाग्यावर ऱ्हायाचं हाय." कंत्राट संपलं तर खोली सुटणार आणि उषा परत मेंढरांमागे, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि तिचा जोडीदार होता मेजर. मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत; आमच्याकडे फौजेतून पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. हे हवालदार होते. कालव्याखाली ऊस, घरी म्हशी, पण स्वस्थ बसवत नाही म्हणून त्याच कारखान्याच्या गेटवर सुरक्षेला. परीक्षेत काहीही होवो, गेट त्यांचंच राहणार होतं. बाकीच्यांनी आपापल्या जोड्या आधीच लावून घेतल्या. मेजरांजवळ कुणी बसेना, कारण कामगारांची बस उशिरा आली की वहीत तिची वेळ टिपून ठेवणारे तेच. उषाची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. ती आली तेव्हा मेजर एकटेच उरले होते, ताठ बसलेले, मिशांना तेल लावलेले.

प्रेझेंटेशनला विषय लागतो. क्लासमधल्या सगळ्यांचा विषय एकच, "माझा छंद", आणि सगळ्यांचा छंद वाचन. ज्यांनी शाळा सुटल्यापासून बाराखडीकडे पाहिलं नव्हतं तेही वाचनाची गोडी इंग्रजीत सांगायचे. मी उषाला म्हटलं, तुझा खरा छंद सांग.

"मला छंदच न्हाई, मॅडम."

"रिकामी असलीस की काय करतेस?"

"झोपते."

"कुठे?"

"बसमधी."

"घोरती बी," मेजर म्हणाले. "बस गेटला लागली की मला खिडकीतनं ऐकू येतं."

"मेजर, ती मी न्हवं. ती आमची सुपरवायझर."

तिथून पुढे बसवर ती जी बोलायला लागली, ते ऐकायला आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. लोणंद ते शिरवळ कंपनीच्या बसमध्ये कुणी कुठे बसायचं याचा कायदा होता. डावीकडची खिडकी जुन्या बायकांची. इंजिनाशेजारची उबदार जागा ज्याला खोकला असेल त्याची. नवीन लग्न झालेलीला आठवडाभर मागची पूर्ण सीट, फोनवर बोलायला. पुढच्या सीटच्या दांडीला ओढणी बांधून तिच्यात हनुवटी अडकवली की खड्ड्यातसुद्धा झोप मोडत नाही, हा उषाचा स्वतःचा शोध. आई म्हणाली, "रेखे, ह्याच्यावरच बोलू दे तिला. मला बी बसावंसं वाटाय लागलंय बसमधी." विषय ठरला. आम्ही तो सोप्या इंग्रजीत बसवला, उषाने पाठ न करता डोक्यात घेतला. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिट्टी झाली आणि उषा उठून उभी राहिली. परीक्षक मॅडमना वंदन, जोडीदार मेजरसाहेबांना वंदन, गुरुवर्य सरांना, मला, कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना, सुपरवायझरना, बसच्या ड्रायव्हरना, सगळं इंग्रजीत आणि प्रत्येकाच्या मागे "रिस्पेक्टेड". मग केंद्रावरच्या शिपाईमामांचे आगाऊ आभार. दुसरी शिट्टी झाली तेव्हा बस अजून लोणंदच्या स्टँडावरून हललीही नव्हती. मी बारदानांच्या थप्पीकडे पाहिलं. थप्पीवर आबा बसले होते आणि छताचा पत्रा निरखत होते.

"आबा, हे कुणी शिकवलं?"

"मी जरासं सुचवलं."

"तिला दोनच मिनिटं आहेत. थेट विषयावर यायचंय."

"थेट विषयाला हात घालनारा मानूस भुकेला वाटतो, रेखे. आधी चार नावं घ्यावीत."

"तिथे चार माणसं नसतात. एकच बाई असते."

"मग तिचंच नाव चार बारी घ्यावं."

विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. माझी बी.ए.ची पदवी आतल्या खोलीत काचेत लावलेली होती, पण भाषणाच्या बाबतीत गावाचा विश्वास आबांवर. मी ती नावं काढायची, आबा ती परत घालायचे. मी संध्याकाळी काढलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी पुन्हा "रिस्पेक्टेड" होऊन हजर. शेवटी मी उषाला शपथ घातली आणि आबांना सरावाच्या वेळी मार्केटात थांबायला सांगितलं. त्यानंतर तिचं भाषण नावं वगळून बरोबर दुसऱ्या शिट्टीला संपायला लागलं. मी खूश झाले. मग एक दिवस सहज आत डोकावले तर काय, उषा बोलायला लागली की आई गॅस बारीक करत होती. मेजर बोलायला लागले की मोठा. उषाला आतापर्यंत जवळजवळ दुप्पट वेळ मिळत आला होता आणि मेजरांचं "माझी शेती" नांगरटीतच संपत होतं. "पोरीचं चांगलं चाललेलं आसतं, मधीच शिट्टी वाजवायची म्हंजी बरं दिसतं का," आई म्हणाली. मी सरांचं घड्याळ मागून आणलं. आमची डाळ त्यानंतर कुणाच्या भाषणाविना शिजायला लागली आणि आई म्हणायची, आता डाळीला पहिल्यासारखी चव येत नाही.

पण खरी अडचण वेगळीच होती. उषाचं बोलून झालं की मेजरांनी प्रश्न विचारायचा, आणि मेजर विचारत नव्हते.

"मेजर, विचारा ना."

"काय इचारू? बरोबर बोलली की."

"बरोबर बोलली तरी विचारायचं असतं."

"चार लोकांत पोरीला सवाल टाकून आडवायची? आपल्यात आसं करत न्हाईत, मॅडम. मी अनुमोदन देनार."

माझी चूक मला तेव्हा कळली, म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. आमच्या भागात कुठलीही सभा घ्या. एकजण उठून अध्यक्षपदासाठी एक नाव सुचवतो, दुसरा उठून त्याला अनुमोदन देतो. दोन माणसं एकामागून एक उठतात ती याचसाठी. जन्मभर हेच पाहिलेल्या माणसाला कुणी "जोडी" म्हटलं, की पहिल्याने सुचवायचं आणि दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, हेच सुचणार. सभेत बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचा म्हणजे त्याच्याशी वैर धरायचं. मार्केटातून हाकललेले आबा नेमके तेव्हाच पडवीत शिरले आणि म्हणाले, "अनुमोदनाबिगर सभा कायदेशीर हुतच न्हाई, रेखे."

मी मेजरांकडून दोन प्रश्न पाठ करून घेतले. तुला बस का आवडते, आणि बसमध्ये तुझी जवळची मैत्रीण कोण. मेजर ते डोळे मिटून, छाती काढून, पहाऱ्यावरचा अहवाल दिल्यासारखे म्हणायचे. उषा उत्तरं द्यायची. आज माझ्या हाताखालच्या मुली मोबाइलवर सराव करतात, मोबाइल त्यांना प्रश्न विचारतो आणि न कंटाळता विचारतो. ते पाहिलं की मला मेजरांचे मिटलेले डोळे आठवतात.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. उषा, मेजर, मी आणि आबा; बाकीच्या जोड्यांच्या तारखा वेगळ्या होत्या. आबांचं काही काम नव्हतं, पण पोरीची परीक्षा म्हणजे घरचं कार्य, आणि कार्याला घरचा पुरुष हवा, असं त्यांनी ठरवलं होतं. डोक्याला फेटा, हातात भाकऱ्यांचं गाठोडं. आदर्कीच्या बोगद्यात गाडी शिरली की अंधारात मेजरांचा आवाज यायचा, "व्हाय डू यू लाइक द बस?" आणि उजेडात आलो की ते गप्प. सातारा गेलं, कराड गेलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा असं आम्ही खाल्लं. उषाने काही खाल्लं नाही. खिडकीबाहेर दूर एका पडीक रानात मेंढरं बसलेली दिसली तेव्हा तिने तोंड आत वळवलं.

केंद्र एका जुन्या शाळेत होतं. दाराची कडी मोडलेली, त्यामुळे दार लागत नव्हतं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या आम्हाला आतलं सगळं ऐकू येत होतं, फटीतून थोडं दिसतही होतं. परीक्षक बाई कुठल्यातरी लांबच्या शहरातून आलेल्या, मराठी न कळणाऱ्या. त्यांचा चेहरा कोरा होता. आमच्याकडे ऐकणारा माणूस मधेमधे "हं, हं" करतो, निदान मान हलवतो. या बाई भिंतीसारख्या बसल्या होत्या. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, सुरू करा.

खुर्ची सरकली. मेजर उभे राहिले.

"आय प्रपोज द नेम ऑफ रिस्पेक्टेड मॅडम फॉर द चेअर," ते म्हणाले.

मी डोळे मिटले. आणि मला उषाचा आवाज ऐकू आला, झोपेतून बोलल्यासारखा, "आय सेकंड इट."

मग बाईंचा आवाज, "बट आय अॅम ऑलरेडी इन द चेअर."

"येस मॅडम," मेजर म्हणाले. "नाऊ इट इज लीगल."

बाकावर माझ्या शेजारी आबांनी समाधानाने मांडी घातली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण सभा रीतसर सुरू झाली हे सुरावरून कळलं होतं.

त्यानंतर उषा बोलली, आणि मनापासून सांगते, छान बोलली. एकही "रिस्पेक्टेड" नाही. बस पहिल्याच वाक्यात सुटली, जुन्या बायका डाव्या खिडकीशी बसल्या, ओढणी दांडीला बांधली गेली, हनुवटी अडकली. वेळेत संपलं. आता मेजर. बाईंनी मेजरांकडे पाहिलं. मेजरांनी छाती काढली, डोळे मिटले. मग डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. बोगद्यातले दोन्ही प्रश्न बोगद्यातच राहिले होते.

"आय अॅग्री," मेजर म्हणाले. "एव्हरी वर्ड."

कुणीतरी लांबच्या वर्गात खुर्च्या ओढत होतं तेवढाच आवाज. बाईंनी घड्याळ पाहिलं. पेन कागदावर टेकलेला, पण हलत नव्हता. मला दाराच्या फटीतून उषाची पाठ आणि वेणी दिसत होती. त्या वेणीकडे बघताना मला एकच कळत होतं, की हे असंच आणखी थोडा वेळ चाललं तर तिची खोली गेली. आत जाऊन मेजरांना चिमटा काढावा असं वाटत होतं. आबांनी हळूच विचारलं, "अनुमोदन झालं का?" मी म्हटलं, झालं, तेच झालं.

मग उषा म्हणाली, "वन मोअर पॉइंट, मॅडम." तिचा आवाज बारीक होता, पण घाबरलेला नव्हता. "अवर बस इज नेव्हर लेट. ओन्ली द गेट इज लेट. द बस इज स्टँडिंग, स्टँडिंग, अँड द गेटमॅन इज ड्रिंकिंग टी."

हे आम्ही बसवलेल्या भाषणात नव्हतं. मी आबांच्या कानात मराठीत सांगितलं, "बस कधीच उशिरा येत नाही म्हणाली. गेटवाला चहा पीत बसतो म्हणून उशीर होतो म्हणाली." आबांनी फेट्याचा शेमला तोंडावर धरला. "मेजरच्या तोंडावर?"

"हू सेज?" आतून मेजर म्हणाले.

तो त्या दिवसातला पहिला प्रश्न. फटीतून मला दिसलं, पेन हलला.

"आय से," उषा म्हणाली.

"व्हॉट टाइम बस कम ऑन मंडे? टेल. टेल टू मॅडम."

मग जे सुरू झालं ते मी आजवर कुठल्याही परीक्षेत ऐकलेलं नाही. मेजरांनी वहीतल्या वेळा काढल्या. उषाने विचारलं, तुमचं घड्याळ पुढे का असतं. मेजर म्हणाले, फौजेचं घड्याळ आहे, ते पुढेच असतं. मेजरांनी विचारलं, खंडाळ्याच्या फाट्यावर बस का थांबते. उषा म्हणाली, ड्रायव्हरला साखरेचा त्रास आहे, त्याला वेळेवर खावं लागतं. मेजरांनी विचारलं, साखरेचा त्रास आहे तर तो जिलेबी का खातो. यावर उषा पहिल्यांदा अडली. मग म्हणाली की तो एकच खातो, बाकीची आम्ही खातो. कोण जास्त खातं, मेजरांनी विचारलं. सुपरवायझर, उषा म्हणाली. व्याकरणाचे हातपाय कुठेकुठे विखुरले होते, पण प्रश्नाला उत्तर आणि उत्तराला प्रश्न लागत होता. आबा सारखे विचारत होते, "काय म्हनाला? ती काय म्हनाली?" आणि मी कुजबुजून सांगत होते.

"थँक यू," बाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. "थँक यू बोथ," त्या पुन्हा म्हणाल्या.

"वन मिनिट, मॅडम," मेजर म्हणाले. "शी हॅज नॉट आन्सर्ड जिलेबी फुल्ली."

मेजरांच्या प्रेझेंटेशनचा विषय "माझी शेती" होता. ऊस, पाण्याची पाळी, म्हशी, सगळं मी बसवून दिलेलं. त्यातलं एक अक्षर ते बोलले नाहीत. "माय टॉपिक इज गेट," ते म्हणाले आणि गेटची बाजू मांडली. त्यांचं संपायच्या आत उषाने प्रश्न टाकला. दोघं बाहेर आले तेव्हा घामाने भिजलेले होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. त्यांच्यामागून बाई आल्या. माझ्याकडे पाहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही दोघं बापलेक आहेत का. मी नाही म्हटलं. त्या कोऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण त्या फक्त म्हणाल्या, पुढची जोडी पाठवा.

परतीच्या गाडीत मी त्या दोघांच्या मध्ये बसले. भांडण मिटलं नव्हतं. सांगली सुटल्यापासून ते इंग्रजीतच चाललं होतं आणि अख्खा डबा ऐकत होता. कराडला दोघांचंही इंग्रजी संपलं, पुढचं मराठीत. साताऱ्याला आबांनी भडंगाचा पुडा सोडून मधे धरला, तेव्हा मेजर म्हणाले, "पोरी, परीक्षेत काय म्हनायचं ते म्हन. पन चहावरनं बोलायला नको हुतं. मी बिनसाखरेचा पितो."

"तुमी प्रश्न इचारला आसता तर मी कशाला बोलले आसते?" उषा म्हणाली, आणि मग पहिल्यांदाच रडली. मेजर भडंगातले शेंगदाणे वेचून तिच्यापुढे ठेवत राहिले.

निकाल सरांच्या कॉम्प्युटरवर आला. दोघंही पास. प्रेझेंटेशनचे गुण बेताचे होते, संवादाचे भरघोस. उषा कायम झाली. मी तेव्हापासून कुणालाही प्रश्न पाठ करून दिलेले नाहीत. जोडी पुढ्यात बसली की मी आधी विचारते, तुमचं दोघांचं कशावरून वाजतं. नवरा-बायको असतील तर लगेच सांगतात, मित्र असतील तर थोडा वेळ लागतो. एवढी एक गोष्ट मला शिकवता येते आणि ती मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका संध्याकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी घंटांचा आवाज आला. उषाचे वडील मेंढरं घेऊन आले होते, पाठीवर घोंगडी, हातात काठी. "मॅडमचं रान कंचं?" एवढंच विचारलं. गावाबाहेर आमचं चार वाफ्यांचं रान होतं, आई त्यात कांदा आणि मेथी करायची. मेंढरं रानात बसवली की खत मिळतं म्हणून शेतकरी धनगराला धान्य देतात, त्याच्या मागे लागतात. आमच्या एवढ्याशा तुकड्याला कोण मेंढरं बसवणार. त्यांनी अख्खा कळप बसवला. आई धान्य द्यायला लागली तर हात मागे घेतले. मग आईने पिठलं आणि बाजरीची भाकरी वाढली, तेव्हा बांधावर बसून जेवले.

"पोरगी मेजरसंगं भांडली म्हनं," ते जेवताजेवता म्हणाले. "इंग्रजीत."

"व्हय," मी म्हटलं.

"जिकली का?"

"दोघंही पास झाले, काका."

त्यांनी घास चावला, जरा विचार केला. "म्हंजी न्हाई जिकली."

"परीक्षा होती. तिच्यात जिंकणं नसतं."

"हं," ते म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पाणी प्यायले, तोंड पुसलं. मेंढरांकडे बघत म्हणाले, "मराठीत आसतं तर जिकली आसती. तिच्या आयशीवर गेलीया."

सकाळी उठून रानात गेलो तर मेंढरं नीरेच्या रस्त्याला लागली होती, धुळीत फक्त घंटा ऐकू येत होत्या. सगळे वाफे लेंड्यांनी काळे झाले होते. आई वाफ्यात उतरली, दोन्ही हातांनी लेंड्या सारख्या पसरायला लागली आणि म्हणाली, "रेखे, पुढच्या वर्षी मार्केटातल्या हमालांची पोरं घे शिकवायला, आता कांदा लई हुनार, पोती उचलाया मानसं लागतील. आन धनगराची आनखी कुनी असतील तर बघ."

त्या साली आमचा कांदा एवढा पोसला, की आबांना घरचाच माल इतर शेतकऱ्यांच्या देखत काट्यावर ठेवताना लाज वाटत होती, आणि वजन पुकारताना त्यांनी आवाज मुद्दाम जरा खाली ठेवला होता.